डोमाजी चेकरची छाट

आमच्या विहारात डोमाजी चेकर गृहपाठ तपासायचे ते डोळे मिटून. समोरच्या माणसाचा हात पुढं करायला लावायचे, त्याची करंगळी अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरायचे, हलकेच दाबायचे, थोडी गोल फिरवायचे. मग डोळे न उघडताच निकाल सांगायचे. निकाल दोनच. "चालते" किंवा "छाट." तिसरा शब्द त्यांच्याजवळ नव्हता.

करंगळी धरलेला माणूस पन्नास वर्षांचा असो, त्याच्या घरी सून असो, सरपंचाच्या बाजूला खुर्ची टाकून बसणारा असो, त्याला छाट म्हटलं की तो मागं जाऊन बसायचा. मी तर सात रविवार मागं बसलो. ती गोष्ट पुढं येईलच.

डोमाजींनी बत्तीस वर्षं बिडी कारखान्यात चेकरकी केली. आमच्या गोंदिया जिल्ह्यात हे काम सगळ्यांना माहीत आहे, बाहेरच्यांसाठी सांगतो. बाया घरी बसून बिड्या वळतात, पंचवीसची जुडी बांधतात आणि कारखान्यात नेऊन देतात. तिथं चेकर जुडीतून एखाददुसरी बिडी ओढतो, चिमटीत दाबून पाहतो. पोकळ लागली, तोंड नीट मुडपलेलं नसलं, तर बिडी छाट. छाट जास्त निघाली तर अख्खी जुडी बाजूला पडते. त्या बिडीची मजुरी नाही. डोमाजींच्या चिमटीला गावोगावच्या बाया भीत होत्या. त्यांना लाच चालत नव्हती, रडणं चालत नव्हतं, पाहुणचार चालत नव्हता.

कारखाना सुटला आणि ते विहारात आले. लहान मुलांचा रविवारचा वर्ग आमच्याकडं आधीपासून होता. डोमाजींचं म्हणणं असं की पोरांना सगळं येते, येत नाही ते मोठ्यांना. म्हणून त्यांनी वर्षावासाच्या, म्हणजे आषाढ ते अश्विन पौर्णिमेच्या, तीन महिन्यांत मोठ्या माणसांचा वर्ग सुरू केला. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. दर रविवारी सकाळी वंदना, ग्रंथवाचन, मग एक शील, आणि त्या शिलाचा आठवडाभराचा गृहपाठ.

पहिल्या रविवारी लोक पंचशील घडाघडा पाठ म्हणायला उभे राहिले. डोमाजींनी तिसऱ्याच माणसाला थांबवलं.

"हे तर टेपरेकॉर्डर बी म्हनते," ते म्हणाले. "करून दाखवा. मी येतो पाहाले."

आणि ते खरंच आले. घरोघरी.

प्राणिमात्राला इजा करू नये या शिलाचा गृहपाठ त्यांनी कुत्र्यांवरून तपासला. मालक घरात नसताना ते जाऊन अंगणात बसायचे आणि मालक आला की त्याच्याकडं पाहायचेच नाहीत, कुत्र्याकडं पाहायचे. कुत्रा शेपूट हलवत पुढं गेला तर चालते. पायात शेपूट घालून खाटेखाली शिरला तर छाट. ज्यांच्याकडं कुत्रा नव्हता त्यांच्या बैलांच्या पाठीवरून ते हात फिरवून आले. एकानं छाट निघाल्यावर आठवडाभर कुत्र्याला पोळी-दूध चारलं. पुढच्या रविवारी तो पास झाला, पण कुत्र्याला अशी सवय लागली की तो विहाराच्या दारापर्यंत मागं येऊ लागला आणि वंदना चालू असताना मालकाच्या चपलेवर झोपू लागला. डोमाजी त्याला हाकलू द्यायचे नाहीत. म्हणायचे, साक्षीदार आहे.

न दिलेलं घेऊ नये, याचा गृहपाठ शेताच्या धुऱ्यांवर झाला. आमच्याकडं धानाच्या बांध्या, आणि दोन बांध्यांमधला धुरा, म्हणजे मातीचा बांध, दरवर्षी कुणीतरी कुदळीनं थोडा थोडा कोरतोच. डोमाजींनी सांगितलं, आपला धुरा शेजाऱ्याला सोबत घेऊन दोरीनं मोजा. मग ते छत्री घेऊन चिखलातून सगळ्या धुऱ्यांवर फिरले. त्या आठवड्यात गावात जेवढी भांडणं झाली तेवढी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही झाली नव्हती. पण आठवडा संपता संपता चार धुरे चुपचाप रुंद झाले. कुणी केले ते कुणी सांगितलं नाही, डोमाजींनी विचारलंही नाही. धुऱ्यावर उभं राहून पायानं दाबलं आणि चालते म्हणाले.

दारूच्या शिलाला त्यांनी सुई-दोरा काढला. सोमवारी सकाळी दारात उभे. हातात सुई द्यायचे, दोरा द्यायचे, ओवा म्हणायचे. तोंडाचा वास घेणं त्यांना अपमानाचं वाटायचं, माणसाचाही आणि स्वतःचाही. एक जण दोरा ओवता ओवता रडायला लागला. डोमाजी त्याच्याजवळ तासभर बसले, शेवटी सुई तिथंच ठेवून आले आणि म्हणाले, उद्या ओवजो. तो आता पंधरा वर्षांपासून शर्टाची बटणं स्वतः लावतो.

लोकांना यात मजा वाटू लागली होती. पण डोमाजींनी कारखान्याची एक रीत विहारात आणली होती, ती मला लागली. वर्गात आम्ही पंचवीस जण. त्यांनी पाच-पाचांच्या जुड्या केल्या. जुडीतून एकच माणूस ते कुठूनही ओढणार. तो छाट, तर पाचही जण छाट. पाचही शीलं पार करणाऱ्या पहिल्या जुडीला अश्विन पौर्णिमेच्या कार्यक्रमात पुढं उभं राहून वंदना घ्यायचा मान. कार्यक्रमाला आजूबाजूच्या पाच गावांतले लोक येतात, मंडप पडतो, लाउडस्पीकर लागतो.

तो मान मला पाहिजे होता. का पाहिजे होता ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

मी जुन्या सायकलींचा व्यापारी. चौथीतून शाळा सुटली, पंक्चर काढता काढता धंदा उभा केला, शुक्रवारच्या बाजारात चिंचेखाली माझ्या तीस-तीस सायकली उभ्या राहायच्या. मला कुणी एक वीट दिलेली नाही. आणि माझी शाळा कुणामुळं सुटली, तर या डोमाजी चेकरमुळं. माझी माय बिड्या वळायची. दर आठवड्याला तिच्या जुड्यांतून हा माणूस छाट काढायचा. मजुरी कापली जायची, ती कारखान्याच्या पायरीवर बसून डोळे पुसायची. शेवटी फी-पुस्तकांचं जमेना आणि मी सायकलच्या दुकानात लागलो. ही हकीकत मी सोयऱ्यांना सांगितली, गिऱ्हाइकांना सांगितली, लग्नाच्या बोलणीत सासऱ्यालाही सांगितली. डोमाजी समोरून जात असले तर जरा मोठ्यानं सांगायचो. ते ऐकायचे आणि छत्री टेकत पुढं निघून जायचे. मला त्यांच्या तोंडून, सगळ्या गावासमोर, एकदा "चालते" ऐकायचं होतं. मंडपात उभं राहायचं होतं, आणि मायला माझ्या बाजूला उभं करायचं होतं.

माझ्या जुडीत मी, माझी बायको कुंदा, माय, भाऊराव टेलर आणि अंगणवाडीच्या सुलोचनाबाई. चार शीलं आम्ही झपाट्यानं पार केली. खोटं न बोलण्याचं शील डोमाजींनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, आणि ते आलं तेव्हा अश्विन पौर्णिमेला आठ रविवार उरले होते.

पहिल्याच रविवारी त्यांनी आमच्या जुडीतून मलाच ओढलं. दुसऱ्या रविवारी पुन्हा मलाच. भाऊराव म्हणाला, बाबा, पाचातून कोनाले बी ओढता ना, मग हाच काऊन? डोमाजी म्हणाले, जुडीतली कोनती बिडी ओढाव हे हाताले समजते.

आता माझी बाजू ऐका. बाजारात सायकल विकताना मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो की ही गाडी एका नर्सबाईनं वापरलेली आहे, घरून दवाखाना आणि दवाखान्यातून घर. वर्षाला मी शंभरावर सायकली विकायचो. एवढ्या नर्सबाया अख्ख्या तालुक्यात नव्हत्या. पण हे खोटं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. तो गिऱ्हाइकाला राम राम करण्यासारखा भाग होता.

पहिल्या आठवड्यात मी नर्सबाई सोडली. फक्त एका गाडीचं तडकलेलं रिम झाडाच्या बाजूला करून उभं केलं. रविवारी डोमाजींनी करंगळी दाबली. छाट. ते माझ्याजवळ चौकशी करायचेच नाहीत. ते म्हणायचे, बोलनाऱ्याले काय विचारता, ज्यानं ऐकलं त्याले विचारा. बाजारातून सायकल घेऊन गेलेल्या माणसाच्या गावी बसनं जाऊन ते सायकल पाहून आले होते.

दुसऱ्या आठवड्यात मी रिम दाखवलं, पण भाव करताना "ही शेवटची किंमत" असं पाच वेळा म्हटलं आणि पाचही वेळा उतरलो. छाट. इथं मी भांडलो. म्हटलं, बाबा, हा बाजार आहे. गिऱ्हाईक म्हणते खिशात एवढेच आहेत आणि दुसऱ्या खिशातून काढते. दोघांनाही माहीत असते. मग हे खोटं कसं? डोमाजींनी बराच विचार केला. वर्ग थांबला. मग म्हणाले, गिऱ्हाईक माझ्या वर्गात नाही.

तिसरा, चौथा, पाचवा रविवार गेला. एकदा गिऱ्हाइकानं "ब्रेक लागतात का" असं विचारलं आणि मी फक्त मान हलवली. मान हलवणं बोलणं नाही असं माझं म्हणणं. छाट. एकदा मी बाजारातच गेलो नाही, घरी बसलो, की बोलायचं नाही म्हणजे खोटंही नाही. रविवारी ते म्हणाले, बिडी वळलीच नाही तं तपासू काय. छाट. घरात कुंदा माझ्याशी तुटक बोलू लागली. सुलोचनाबाई रस्त्यात भेटल्या की नुसत्या उसासा टाकायच्या. भाऊरावनं माझ्या पँटची शिलाई तीन आठवडे अडवून ठेवली. म्हणाला, तुही जुडी सुटू दे, मंग पँट घेऊन जाजो.

आणखी एक होतं. दर बुधवारी मी गोंदियाला जुना माल आणायला जायचो, आणि दर बुधवारी डोमाजी माझ्या घरी येऊन अंगणात बसायचे. मायशी बोलत. मला वाटायचं, हेरगिरी. मी मायला बजावून ठेवलं होतं, बुढ्याले काही सांगू नको. ती म्हणायची, तो कुठं काही विचारते, मीच सांगतो, कोंबडी किती दिवस बसली, कोनाची पोरगी माहेरी आली. मला ते पटत नव्हतं.

सातवी छाट घेऊन मी घरी आलो आणि त्या रागात ठरवलं. आता असं खरं बोलतो की बुढ्याची चिमटी सुजली पाहिजे.

त्या शुक्रवारी चिंचेखाली पोवार समाजाचे एक शेतकरी आले. सोबत आठवीत गेलेली मुलगी. शाळा चार किलोमीटर, तिला सायकल पाहिजे. त्यांनी एक निळी गाडी धरली. मी म्हटलं, काका, ही दोन दिवस तलावात पडून होती. बेअरिंग मी बदललं आहे, पण आतून गंज आहे. त्यांनी दुसरी धरली. म्हटलं, हिची ट्यूब पाहा, चार ठिगळं आहेत, पाचवं लवकरच लागेल. तिसरी? हिची चेन उतारावर घसरते, पोरीच्या सलवारीत अडकेल. ते माझ्याकडं पाहत राहिले.

"काहो भाऊ, विकायची नाही का तुमाले?"

"विकायची आहे."

"मंग असं काऊन बोलून राहिले?"

मी म्हटलं, गृहपाठ आहे. ते मुलीला घेऊन निघून गेले. त्यांना वाटलं, यात काही नवीन डाव आहे. बाजारात एक चक्कर मारली, भाजी घेतली, परत आले, लांब उभं राहून पाहू लागले. तोवर आणखी दोघांना मी माझ्याच गाड्यांची निंदा करून परत पाठवलं होतं. माझ्या तोंडाला कोरड पडली. खरं बोलायला खोट्यापेक्षा जास्त शब्द लागतात, हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी ती मुलगीच पुढं आली. म्हणाली, काका, यातली तुमच्या पोरीला कोणती द्याल? मी काळी गाडी काढली, दिसायला सगळ्यात वाईट, रंग उडालेला, पण फ्रेम सरळ आणि हब टणक. हिचं काय खराब आहे, असं तिनं विचारलं. म्हटलं, घंटी वाजत नाही आणि सीट पावसात भिजली की दोन दिवस वाळत नाही. बाकी तुझ्या लग्नापर्यंत चालेल. किंमत मी एकदाच सांगितली. त्यांनी कमी मागितली. मी म्हटलं, काका, मला उतरता येत नाही, रविवारी करंगळी द्यावी लागते. ते हसले, दिली.

त्यानंतर जे झालं ते अजून बाजारात सांगतात. चिंचेखाली एक माणूस आपल्याच मालाला नावं ठेवून राहिला आहे, हे ऐकून लोक नुसतं ऐकायला जमले. आणि ऐकता ऐकता घेऊ लागले. ज्याला गंजकी पाहिजे त्यानं गंजकी म्हणून घेतली, ज्याला ठिगळाची परवडत होती त्यानं ठिगळाची. तलावात बुडालेली निळी एका मासेमारानं घेतली. म्हणाला, मले बी तलावातच नेयाची आहे. दुपारपर्यंत चिंच मोकळी झाली. मी धंद्यात असा दिवस पाहिला नव्हता.

रविवारी मी विहारात छाती काढून गेलो. पौर्णिमेच्या आधीचा हा शेवटचा रविवार, आणि बाकीच्या चार जुड्यांपैकी कुणीच अजून पाचही शीलं पार केली नव्हती. डोमाजी आदल्या दिवशी त्या पोवार शेतकऱ्याच्या गावी जाऊन आले होते, बसस्टँडवर भाऊरावनं त्यांना पाहिलं होतं. काळ्या सायकलवर त्या मुलीमागं बसून ते गावाला एक फेरी मारून आल्याचंही कळलं.

त्यांनी जुडी उभी केली. मला ओढलं. करंगळी धरली. डोळे मिटले. दाबली. फिरवली. पुन्हा फिरवली. तोंड उघडेना.

माझा तोल तिथं गेला. मी हात ओढून घेतला आणि सगळ्या वर्गाकडं तोंड करून बोललो. म्हटलं, हा माणूस असाच आहे. याच्या तोंडून चालते निघतच नाही. माझ्या मायसारखी बिडी अख्ख्या तालुक्यात कुणी वळत नव्हतं, आणि यानं दर आठवड्याला तिला छाट केलं, तिला पायरीवर बसून रडवलं, माझी शाळा बंद पाडली. आता मलाही तसंच करून राहिला. हे सगळं मी नेहमीच्या शब्दांत सांगितलं. इतक्या वेळा सांगून ते गुळगुळीत झालं होतं.

डोमाजींनी डोळे उघडले. रागावले नाहीत. त्यांनी फक्त मायकडं पाहिलं.

"पारबताबाई," ते म्हणाले, "पोरगा बोलला ते तुमी ऐकलं. मी ऐकनाऱ्याले विचारत असतो. तुमच्या हातची बिडी मी कधी छाटली का?"

मायनं माझ्या तोंडाकडं पाहिलं नाही. ती माझ्या हाताकडं पाहत होती, डाव्या.

मी डावखोरा आहे. पाना डाव्या हातानं धरतो, जेवणं तेवढं कसंबसं उजव्यानं शिकलो. लहानपणी माय बिड्या वळायची आणि तोंडं मुडपायचं काम माझं. शाळेतून आल्यावर शंभर तोंडं मुडपली की मला खेळायला सुट्टी. सायकलच्या दुकानात चाकात हवा भरू द्यायचे, तिथं पळायची मला घाई. वीस-तीस नीट मुडपायचो आणि बाकीची नुसती दाबून जुडीत आत घालायचो, दिसू नयेत अशी. तंबाखू गळायचा. छाट निघायची ती त्या बिड्यांची. मायला मी कधी सांगितलं नाही. पुढं मी स्वतःलाही सांगणं बंद केलं. शाळेचं म्हणाल तर गुरुजींनी फी माफ केली होती. दुकान मला आवडलं म्हणून मी शाळा सोडली.

विहारात पंचवीस माणसं होती आणि दारात तो कुत्रा. मी कुंदाकडं पाहिलं. तिच्या बापालाही मी हीच गोष्ट सांगून मुलगी मागितली होती.

"त्या माझ्या होत्या," मी म्हटलं. "छाट निघाली त्या बिड्या माझ्या होत्या. मायच्या नाही."

मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा म्हटलं. मग पुढचंही सांगितलं, फी माफीचं. बाजारात दुपारभर बोललो त्यापेक्षा हे तीन-चार वाक्यांचं बोलणं जड गेलं.

माय म्हणाली, "मले मालूम होतं. डाव्या हाताची घडी उलट्या बाजूनं पडते." आणि पदरानं तोंड झाकून हसायला लागली. तीस वर्षांनंतर सापडलेल्या चोराला पाहून हसावं तशी.

"मग तुमी बी ओळखली होती?" भाऊरावनं डोमाजींना विचारलं. "हा गावभर बोंबलत फिरे, तवा काऊन नाही सांगितलं?"

डोमाजी म्हणाले, "छाट मालाची असते. नावाची नसते."

त्यांनी पुन्हा हात पुढं केला. मी करंगळी दिली. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत, दाबलीही नाही, नुसती धरली.

"चालते," ते म्हणाले.

सुलोचनाबाईंनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. विहारात टाळ्या वाजवायची आमच्याकडं पद्धत नाही, पण डोमाजींनी अडवलं नाही. भाऊराव त्याच दुपारी पँट शिवून घरी देऊन गेला, शिलाईही घेतली नाही. अश्विन पौर्णिमेला पाच गावांच्या मंडपात मी, माय, कुंदा, भाऊराव आणि सुलोचनाबाई पुढं उभे राहिलो. लाउडस्पीकरमधून मायचा आवाज माझ्यापेक्षा मोठा गेला. खाली बसलेल्या कितीतरी म्हाताऱ्या बायांनी जन्मभर बिड्या वळल्या होत्या, त्या एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. डोमाजी मंडपाच्या खांबाजवळ उभे होते, पांढरा सदरा, हात मागं. वंदना संपल्यावर त्यांना शोधलं तर ते निघून गेले होते.

रात्री जेवताना मायनं सांगितलं. कारखान्यात बाया एकमेकींशी बोलायच्या, हसायच्या, आणि डोमाजी आला की सगळ्या गप्प व्हायच्या. बत्तीस वर्षं. तो ज्या खोलीत पाय टाकायचा ती खोली बंद पडायची. त्याची बायको लवकर गेली, पोरगी दूर रायपूरकडं दिली. कुणाच्या घरी जायचं तर जायला कारण काय? चेकर घरी आला तर लोक म्हणणार, या बाईची जुडी आता पास. म्हणून तो कुणाच्याच घरी गेला नाही. माय म्हणाली, या तीन महिन्यांत तो आपल्या अंगणात बसून सगळ्या कोंबड्यांची नावं शिकला.

वर्षावास संपला होता. वर्ग बंद, गृहपाठ बंद.

पुढच्या बुधवारी मी गोंदियाला गेलो नाही. दारात चाकाचे स्पोक आवळत बसलो होतो. दहाच्या सुमारास डोमाजी गल्लीच्या तोंडाशी आले. तिथं थांबले. आमच्या अंगणाकडं पाहिलं, छत्री या हातातून त्या हातात घेतली, आणि वळले.

मी हाक मारली. "बाबा, काऊन परत चालले?"

"सहज आलो होतो," ते म्हणाले. "आता तपासायचं काही राहिलं नाही."

आतून कुंदाचा आवाज आला. तिनं सगळं ऐकलं होतं. "राहिलं नाही कसं? यांचा राग राहिला ना, बाबा. काल ताट फेकलं."

ताट मी फेकलं नव्हतं, सरकवलं होतं, पण जोरात. मी पाना खाली ठेवला आणि करंगळी पुढं केली. डोमाजी दोन पावलं आले. मग अंगणात आले. मायनं त्यांच्यासाठी खाट झटकली. त्यांनी माझी करंगळी चिमटीत धरली, डोळे मिटले, बराच वेळ फिरवली.

"माल जुना आहे," ते म्हणाले. "एक वर्ष लागन. दर बुधवारी याव लागन मले."

मी आयुष्यभर भाव पाडत आलो. समोरच्यानं दहा म्हटले की माझ्या तोंडून आपोआप पाच निघते. पण त्या दिवशी मी खाटेच्या कडेला बसलो आणि म्हटलं, बाबा, एक वर्षात काय होते, पाहा तरी माझ्याकडं, दहा वर्षं लागतील. ते म्हणाले, दहा नाही, दीड. मी म्हटलं, आठ. कुंदा दारात येऊन उभी राहिली आणि माझे पुरावे सांगू लागली, कोणत्या सणाला कुणावर ओरडलो, कोणत्या सोयऱ्याशी बोलणं बंद आहे. प्रत्येक पुराव्यागणिक मी त्यांना एकेक वर्ष वर चढवत गेलो. डोमाजींनी जन्मात कधी घासाघीस केली नव्हती, त्यांना हरताही येत नव्हतं नीट. ऊन अंगणाच्या अर्ध्यापर्यंत आलं तेव्हा सौदा सहा वर्षांवर पटला, आणि बुधवारसोबत मी त्यांच्याकडून रविवारही काढून घेतला, जेवणासकट.